छप्पर पैकीच्या पैकी, रॅम्प नापास: छावणीतल्या जुन्या पॅव्हेलियनच्या दुरुस्तीचं परीक्षण

औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचं अंबाजोगाई, इथे हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या सैन्यदलाच्या, छावण्या होत्या. 1903 मध्ये हे दल ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यात मिसळलं. मराठवाड्यातल्या अशाच एका जुन्या छावणीच्या मैदानावरचं पॅव्हेलियन नुकतंच दुरुस्त होऊन पुन्हा वापरात आलं आहे. काळ्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या भिंती, पुढे बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) खांबांचा व्हरांडा, वर सागवानी कैच्या (छप्पर तोलणारे तिकोनी सांगाडे) आणि मंगळुरी कौलं. ठेकेदाराचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. आपल्या गावच्या जिमखान्याचं काम कोणाला द्यायच्या विचारात असाल, तर नावापेक्षा काय तपासायचं ते जास्त उपयोगी.

छप्परापासून सुरुवात केली, हे या कामाचं पहिलं शहाणपण. बहुतेक ठिकाणी आधी रंग लागतो आणि गळती नंतर आठवते. छप्पर सुमारे 240 चौरस मीटर आहे. चौरस मीटरला साधारण 15 कौलं धरली तर 3,600 कौलं. ती सगळी उतरवून, घासून, एकेक वाजवून पाहिली. खणखणीत वाजलं ते ठेवलं, बद्द वाजलं ते बाद. निम्म्याहून जास्त जुनी कौलं पुन्हा लागली. ती सगळी मैदानाकडच्या उतारावर घातली आणि नवी मागच्या उतारावर. हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. दोन कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकींत बसत नाहीत. एकाच ओळीत सरमिसळ केली की दोन-तीन मिलिमीटरची फट राहते आणि तिरप्या पावसात नेमकं तिथूनच पाणी आत येतं. रीपांमधलं, म्हणजे कौलं ज्यांवर टेकतात त्या लाकडी पट्ट्यांमधलं, अंतर साधारण 32 सेंटिमीटर असतं, पण इथे पुस्तकी आकडा न घेता दोन्ही उतारांवर त्या त्या कौलाने मोजून रीपा ठोकल्या. कामाची जाण इथेच दिसते.

कैच्यांचं कामही चोख. सागवान मधे सहसा कुजत नाही, कुजतं ते भिंतीत शिरलेलं टोक. अशी टोकं निरोगी लाकूड लागेपर्यंत कापून तिथे जुन्याच सागवानाचा तिरपा सांधा दिला आणि 12 मिलिमीटरच्या स्टेनलेस बोल्टांनी आवळला. मुख्य म्हणजे टोकाभोवती दोन-अडीच सेंटिमीटरची हवेची फट सोडली. ही फट सिमेंटने बुजवायचा मोह प्रत्येक गवंड्याला होतो. बुजवली की लाकूड पुन्हा कुजलंच समजा. वाळवीसाठी 20 टक्क्यांचं क्लोरपायरीफॉस, एका भागाला 19 भाग पाणी या प्रमाणात, जोत्याच्या कडेने जमिनीत सोडलं. ते विहिरीपासून लांब ठेवण्याची काळजीही घेतली.

बिडाच्या खांबांची गंमत अशी की ते पोकळ आहेत आणि पन्हळीचं पाणी त्यांच्यातूनच खाली उतरायचं. पाला अडकला की खांबात पाणी साचतं, आतून गंज धरतो आणि बुडाशी तडा जातो. ठेकेदाराने खांब मोकळे केले, पण पाणी आता बाहेरच्या स्वतंत्र नळीतून नेलं, हे बरोबर. तडा गेलेल्या दोन खांबांना मात्र साधं वेल्डिंग मारलंय. बीड ठिसूळ असतं. वेल्डिंगची उष्णता एका जागी बसली की शेजारीच नवा तडा जातो. इथे तड्यावर आडव्या धातूच्या चाव्या बसवून थंड टाके, म्हणजे उष्णता न देता सांधा, घालायला हवे होते. हे दोन खांब पुन्हा उघडावे लागतील.

आता गिलावा. इथे एकाच इमारतीत दोन निकाल आहेत. पुढच्या आणि बाजूच्या भिंतींना नीट चुना वापरला: चुनकळी (भाजलेला चुनखडक) पाण्यात विरवून, जाळीतून गाळून, महिनाभर पाण्याखाली मुरवलेली. गाळण्यात आळस झाला तर न विरलेला खडा भिंतीत राहतो, काही महिन्यांनी फुगतो आणि गिलाव्याचा टवका उडवतो. मिश्रण 1 भाग चुना, 1 भाग सुरखी (भाजक्या विटांची पूड), 2 भाग वाळू. वाळू पाणी नितळ निघेपर्यंत धुतलेली. एक थर 10 ते 12 मिलिमीटरचा, त्यावर ओली गोणपाटं. हे काम दिवाळीनंतर झालं.

मागची भिंत एप्रिलमध्ये उरकली, कारण स्पर्धा तोंडावर आल्या होत्या. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्यासाठी त्याला ओल लागते. 42 अंशांच्या झळांत पाणी आधीच उडून जातं आणि गिलावा भुसभुशीत राहतो. म्हणून लवकर धरावा यासाठी त्यात सिमेंट मिसळलं. पहिल्याच पावसाळ्यानंतर जोत्यापासून कमरेएवढ्या उंचीपर्यंत पांढरा क्षार फुटलाय आणि रंगाला फोड आलेत. भिंतीतली ओल चुन्यातून सहज बाहेर पडते, सिमेंट तिला कोंडतं. वरून प्लास्टिक पेंट मारला, तो तर भिंतीला रेनकोट घातल्यासारखा. उपाय एकच: तेवढा पट्टा दगडापर्यंत खरवडायचा, दरजा (दगडांमधले सांधे) दोन-अडीच सेंटिमीटर खोल मोकळ्या करायच्या, एक उन्हाळा भिंत वाळू द्यायची, मग चुन्यानेच भरायचं आणि चुन्याचीच सफेदी द्यायची. तपासायचं असेल तर भिंतीवर पाण्याचा शिंतोडा मारा. चुन्याचा गिलावा तो लगेच पितो. सिमेंटवर थेंब रेंगाळतो, रंगवलेल्या भिंतीवर ओघळतो.

भेगांबद्दल दोन शब्द. मराठवाड्याची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि जोतं तिच्याबरोबर वरखाली होतं. इथे खेळपट्टीला मारलेलं पाणी एकाच बाजूने पायाशी यायचं, त्यामुळे ईशान्य कोपरा जास्त हलायचा. ठेकेदाराने भेगांवर काचेच्या पातळ पट्ट्या चिकटवून एक पावसाळा आणि एक उन्हाळा वाट पाहिली. जिथे काच तडकली तिथे आधी पाण्याचा बंदोबस्त केला: भिंतीलगत मीटरभर रुंद शहाबादी फरशी, बाहेरच्या बाजूला 1:50 उतार आणि पुढे झाकलेली गटार. भेग भरली ती त्यानंतर. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिवकडे प्रत्येक भेग भूकंपाच्या नावावर टाकायची सवय लागली आहे. त्यात पन्हळ आणि गटार सुटून जातात.

नव्या सोयींत स्वच्छतागृहं आणि मुलींची कपडे बदलायची खोली मागे स्वतंत्र बांधली, जुन्या भिंतीपासून फट ठेवून. ओलं काम जुन्या दगडाला चिकटलं नाही, उत्तम. वायरिंगही भिंती न फोडता कैच्यांवरून नळ्यांतून नेलं आणि 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारा स्विच, लावला. डिजिटल स्कोअरबोर्डाचे बोल्ट मात्र थेट दगडात ठोकलेत. ते दरजेत घ्यायचे असतात. दरज पुन्हा भरता येते, फुटलेला दगड भरून येत नाही.

रॅम्प नापास. जोतं 75 सेंटिमीटर उंच आहे. 1:12 उतार धरला तर 9 मीटर लांबी लागते. जागा होती तरी 6 मीटरमध्ये उरकलंय, म्हणजे 1:8. व्हीलचेअरवरच्या प्रेक्षकाला मदतीशिवाय चढता येणार नाही. कठडा एकाच बाजूला, तोही एकाच उंचीचा. तो दोन्ही बाजूंना आणि 760 व 900 मिलिमीटर अशा दोन उंचींवर हवा.

काम द्यायचं असेल तर द्या, पण करारात चुना कधी विरवला त्याची नोंदवही, एप्रिल-मेमध्ये गिलावा बंद, आणि दोन पावसाळ्यांची हमी हे लिहून घ्या. इमारत एखाद्या केंद्रीय संरक्षित स्मारकापासून 100 मीटरच्या आत असेल तर नव्या खोल्या विसराच, दुरुस्तीलाही आधी परवानगी लागते. आणि पन्हळी साफ करणं कोणाकडे, हे या पॅव्हेलियनच्या करारात कुठेच नाही. मृग लागायच्या आधी एकदा आणि पानगळीनंतर एकदा, एवढं काम आहे, पण ते ग्राउंड्समनच्या नावावर लिहिलेलं असावं.