व्हीसीआर रिग घ्यायची का साध्या इंजिनात शिम घालायची? करंज बायोडिझेलवाल्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मेकॅनिकलची पोरं फायनल इयरला आली की हेच विचारतात, करंजाचं (कन्नडवाले होंगे म्हणतात तेच) बायोडिझेल वेगवेगळ्या कॉम्प्रेशन रेशोला (सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते तो आकडा) टेस्ट करायचंय, मग लॅबमधली व्हीसीआर रिग (व्हेरिएबल कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे रेशो बदलता येतो असं टेस्टचं इंजिन) धरायची का साधं इंजिन खोलून हेडखाली शिम (पातळ पत्रा) घालायची.

आधी शिमचं बोलूया, कारण स्वस्त म्हणून सगळे तिकडंच पळतात. लॅबमधलं नेहमीचं ७ एचपीचं सिंगल सिलिंडर घ्या, बोअर ८७.५ मिमी, स्ट्रोक ११० मिमी, म्हणजे ६६१ सीसी, रेशो १७.५. क्लिअरन्स व्हॉल्यूम (पिस्टन पार वर असताना उरलेली जागा) ६६१ भागिले १६.५, म्हणजे साधारण ४० सीसी. रेशो १६ करायचा तर ४४ सीसी पाहिजे, आणि ते जादाचे ४ सीसी बोअरच्या एरियाने भागले की हेड फक्त ०.६७ मिमी उचलायचं, बास एवढंच! पण या एवढ्याशा पत्र्यात सगळा घोळ आहे बघा. पिस्टन आणि हेडमधली फट वाढली की स्क्विश (पिस्टन वर येताना कडेची हवा जोरात आत ढकलली जाते ते) कमी होतोय, हवा नीट घुसळत नाही, टॅपेट परत सेट करावं लागतंय, आणि मग मायलेज घटलं ते रेशोमुळं का स्क्विशमुळं हे सांगता येत नाही. आमच्या वेळी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतनं तांब्याची शिम कापून आणली होती, पाण्याच्या होलांशी नीट बसली नाही, लीक व्हायला लागलं, तीन दिवस हेड काढ-घाल करण्यातच गेले, अजून वाईट वाटतं.

रिगमध्ये अख्खा सिलिंडर ब्लॉक तिरका होतो, म्हणून कंबशन चेंबरचा आकार आहे तसाच राहतो. बोल्ट थोडे सैल करा, अ‍ॅडजस्टर फिरवा, परत आवळा, इंजिन बंद करायची गरज नाही, १२ ते १८ पर्यंत कितीही रीडिंग घ्या. फक्त थंड इंजिन १८ ला सुरू करा आणि तापल्यावर खाली या. नुसत्या थिअरीने बघितलं तर २७ डिग्रीची हवा १७.५ ला ६७० डिग्रीच्या आसपास जाते, १२ ला ५४० च, मग डिझेल पेटायला उशीर होतो आणि पेटलं की एकदम पेटतं, इंजिन ठोकायला लागतं. करंजाचं तेल जाड, स्प्रेचे थेंब मोठे पडतात, त्याला वरचा रेशो मानवतो, म्हणून १६, १७, १८ वर जास्त वेळ घालवा.

गाडीत व्हीसीआर बघायचं असेल तर निस्सान एक्स-ट्रेलमध्ये आहे, ८ ते १४, पण ते पेट्रोल आहे.

माझं मत विचाराल तर डिझेल आणि ब्लेंडची (डिझेलमध्ये बायोडिझेल मिसळून) तुलना करायची असेल तर रिगच धरा, दुसऱ्या कॉलेजात जाऊन तारीख घ्यावी लागली तरी चालेल. शिम तेव्हाच, जेव्हा दोनच रेशो बघायचेत आणि इंजिन स्वतः खोलायची हौस आहे, ती हौस मोलाची आहे हे मी मनापासून सांगतो. दोन्हीकडं इंजेक्शन टायमिंग मात्र २३ डिग्रीवर (पिस्टन पार वर पोचायच्या आधी) तसंच ठेवा, त्याला हात लावला की आधीचं एकपण रीडिंग जुळायचं नाही.