सळईच्या ब्रेकची काळी सायकल: दिवाळी ते श्रावण वापरून

दिवाळीत घेतली, आता श्रावण लागला. नाशिकच्या पंचवटीतून सातपूर एमआयडीसीला रोजची ड्युटी, शिवाय किराणा, दळण. एवढ्यात खर्च म्हणाल तर पंक्चर, तेल, ब्रेकचे रबर आणि एक कॉटर पिन (पायडलचा दांडा आसाला पक्का धरणारी खीळ).

सायकल आपली तीच, दूधवाल्यांची. २८ इंची चाकं, बंद चेनकव्हर, मागे दणकट कॅरियर. गिअर नाहीत म्हटलं की लोक तोंड वाकडं करतात. पुढे ४४ दात, मागे १८, म्हणजे पायडलच्या एका फेरीत साधारण साडेपाच मीटर. त्र्यंबक रोडला हे मस्त जमतं. होळकर पुलावरून रविवार कारंजाकडे चढताना मात्र सीटवरून उठावंच लागतं, आणि कॅरियरवर गव्हाचं पोतं असेल तर गुपचूप उतरून ढकलायची.

मला सगळ्यात आवडलं ते चेनकव्हर. आधीच्या गिअरवाल्या सायकलची चेन उघडी असायची. रस्त्याची धूळ तेलात कालवून काळा चिखल व्हायचा, मग गिअर कुरकुरायचे. हिचं कव्हर पावसाळ्याआधी मागून उघडून पाहिलं. चेनवर बोट फिरवलं तर बोटाला नुसतं तेल लागलं, धुळीची कचकच नाही.

ब्रेकला वायर नाही, सळई आहे. त्यामुळे गंजून तुटायला वायरच नाही. रबर रिमला बाजूने चिमटत नाहीत, आतून वर दाबले जातात. म्हणून खड्ड्यात चाक जरा आऊट झालं तरी घासत नाही. (आपल्याकडच्या खड्ड्यांवर वेगळं लिहायला नको.) पण पावसात हेच ब्रेक नावापुरते उरतात. स्टीलची रिम ओली झाली की सुरुवातीचे फेरे पाणी पुसण्यातच जातात. मालेगाव स्टँडच्या उतारावर मी वरूनच ब्रेक दाबत येतो. कोणाला ते जमणार नसेल तर पावसाळ्यात ही सायकल नको.

मे महिन्यात पायडल मारताना दर फेरीला 'टक' व्हायला लागलं. भद्रकालीतल्या मिस्त्रीने आवाज ऐकूनच सांगितलं, "दादा, कॉटर पिन." हातोडीने जुनी काढली, नवीन कानशीने जरा घासून ठोकली, नट आवळला. माझा चहा संपायच्या आत काम झालं. उन्हाळ्यात वॉल्व्हची रबरी नळी वाळून हवा उतरायची, ती मी घरीच बदलली. त्याला पानासुद्धा लागत नाही.

रविवारी पहाटे गंगापूर रोडला कार्बनच्या सायकली सुळकन पुढे जातात. २०१५ साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिका आडवी पार करणारी सायकल शर्यत 'रॅम' पूर्ण केली, त्या गावात हे शोभतंच. त्यांच्याशी बरोबरी कुठे, माझी वीसेक किलोची. पण दळणाचा डबा बांधून ती भाजीबाजाराबाहेर बिनघोर उभी करता येते.

लिफ्ट नसलेल्या इमारतीत वर राहत असाल आणि खाली ठेवायला जागा नसेल तर विचार सोडा. घेणार असाल तर दुकानातच दोन्ही हब उघडून छर्ऱ्यांना नीट ग्रीस भरून घ्या, नव्या सायकलीत ते बऱ्याचदा नावालाच असतं. महिनाभराने सगळे नट पुन्हा आवळा. आणि घंटी पितळी घ्या, मेनरोडला प्लास्टिकची कोणी ऐकत नाही.