पातं लावलेला पीएच मीटर : आकडा भरवशाचा, वास मात्र वेगळा तपासा

मांसाचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, साध्या काचेच्या प्रोबने (मांसात खुपसायच्या सळीने) मोजू नये. काच तडकली तर तुकडा मालातच राहतो. हॅना कंपनीच्या एचआय ९८१६३ या मीटरची प्रोब त्यासाठीच आवडते : अंग प्लास्टिकचं, टोक निमुळतं, त्यावर स्टीलचं पातं, तापमानाचा सेन्सर आतच. पातं काढून धुता येतं.

सकाळी ७.०१ आणि ४.०१ च्या बफरवर (पीएच ठरलेल्या द्रावणांवर) कॅलिब्रेशन करा, म्हणजे मीटर जुळवून घ्या. पाठीच्या लांब स्नायूत २-३ सेंमी आत, चरबी आणि हाड चुकवून, तीन जागी मोजा. आकडा सरकतच राहिला तर मीटर बिघडला असं लगेच समजू नका. बहुतेक वेळा टोकावर चरबी आणि प्रथिनं बसलेली असतात. आधी कोमट साबणपाणी, मग प्रथिनं विरघळवणारं पेप्सिनचं द्रावण. रात्री टोपीत साठवणीचं द्रावण हवंच, डिस्टिल्ड वॉटरमध्ये प्रोब खराब होते.

जिवंत स्नायूचा पीएच ७ च्या आसपास असतो, कत्तलीनंतर २४ तासांत तो ५.४ ते ५.८ वर उतरतो. निर्यातीच्या म्हशीच्या मांसात हाडं काढण्याआधी तो ६ च्या खाली लागतो, कारण तिथे लाळ्या-खुरकुताचा विषाणू तगत नाही. या कामाला मीटर उत्तम.

वासाच्या बाबतीत मात्र तो फसवतो. आकडा ६ च्या वर असेल तर जनावर कत्तलीआधी दमलेलं असेल, किंवा जंतूंनी प्रथिनं फोडून अमोनिया केला असेल. कोणतं ते मीटर सांगत नाही. व्हॅक्यूम पॅकमध्ये तर आंबूस वास येतो आणि आकडा ५.५ च दिसतो!

म्हणून जोडीला गाळणीची चाचणी ठेवा. १५ ग्रॅम मांस, ५.८ पीएचचा ६० मिली फॉस्फेट बफर, मिक्सरमध्ये २ मिनिटं, मग फिल्टर पेपरवर १५ मिनिटं. १७ मिलीपेक्षा कमी गळलं तर माल संशयास्पद, कारण नासलेलं मांस पाणी धरून ठेवतं. दमलेल्या जनावराचं मांसही पाणी धरतं, त्यामुळे शेवटचा निर्णय नाकाचा. २० ग्रॅम खिमा आणि तेवढंच पाणी काचेच्या फ्लास्कमध्ये घालून सैल बूच लावा, फ्लास्क ५ मिनिटं उकळत्या पाण्यात धरा आणि बूच काढताच पहिली वाफ हुंगा. ताज्या मटणाला रश्शाचा वास येतो, बिघडलेल्याला आंबट किंवा सडक्या अंड्यासारखा.

दिवसाला दोन-चार नमुनेच येत असतील तर हा मीटर घेऊ नका, फ्लास्क पुरे. घेतलात तर जादा पातं आणि पेप्सिनचं द्रावण त्याच ऑर्डरमध्ये मागवा.