स्वखर्चाने छापलेल्या पुस्तकासाठी व्हॉट्सॲप बिझनेस कितपत कामाचं?

द्राक्षाच्या छाटणीवर दोनशे पानांचं पुस्तक स्वखर्चाने छापलं, तर त्याचा वाचक पुण्या-मुंबईच्या पुस्तकांच्या दुकानात क्वचितच सापडेल. तो तासगाव, निफाड, दिंडोरीच्या बागेत आहे. पुस्तकाची निकड त्याला वर्षातून दोनदा भासते, एप्रिलच्या खरड छाटणीआधी आणि ऑक्टोबरच्या आसपासच्या फळछाटणीआधी. अशा नेमक्या गिऱ्हाइकासाठी व्हॉट्सॲप बिझनेस हे फुकटचं ॲप चांगलं आहे. मात्र त्याला दुकानाचा गल्ला समजून वापरावं लागतं. भोंगा म्हणून ते कुचकामी आहे.

भोंग्याचंच आधी सांगतो, कारण बहुतेक लेखक तिथेच आपटतात. एकच निरोप अनेकांना एकदम पाठवायच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 नंबर बसतात. पण ज्याने आपला नंबर सेव्ह केलेला नाही, त्याला तो निरोप पोचतच नाही. कुठूनतरी मिळवलेले हजार नंबर भरून चार याद्या केल्या, तरी पदरात काही पडत नाही. स्टेटसचंही तसंच, दोघांकडे एकमेकांचे नंबर सेव्ह हवेत. परक्या ग्रुपांत मुखपृष्ठ टाकत सुटलं, की लोक ब्लॉक आणि रिपोर्ट करतात आणि खातं बंद पडू शकतं. मग जोडलेली गिऱ्हाइकंही गेली. त्यामुळे वाचकानेच पहिला निरोप पाठवावा, अशी मांडणी हवी.

त्यासाठी ॲपमधली शॉर्ट लिंक आणि क्यूआर कोड ही सगळ्यात मोलाची सोय. स्कॅन केलं की चॅट उघडतं आणि निरोप आधीच टाइप केलेला असतो. ॲप मात्र असा एकच कोड देतं. प्रत्येक कृषी सेवा केंद्रासाठी, रोपवाटिकेसाठी, मेळाव्यासाठी वेगळा कोड हवा असेल, तर wa.me/91 आणि पुढे आपला नंबर अशा लिंकच्या शेवटी ‘?text=’ आणि निरोपाचा मजकूर जोडून कोणत्याही मोफत क्यूआर बनवणाऱ्या साइटवर तो तयार करता येतो. इथे एक खोच आहे. मजकूर देवनागरीत घातला, तर लिंकमध्ये प्रत्येक चिन्हाची नऊ अक्षरं होतात. नुसत्या ‘तासगाव’ची चोपन्न! कोड इतका दाट होतो, की छोटा छापल्यावर साध्या फोनला वाचता येत नाही. निरोपात फक्त आकडा ठेवावा: 21 म्हणजे तासगावचं दुकान, 22 म्हणजे निफाडचं. कोड किमान अडीच सेंटिमीटर चौरस छापावा. महिन्याभरात कुठल्या जागेवरून किती जण आले हे कळतं, आणि पुढची पत्रकं कुठे ठेवायची आणि कुठे नाही याचा निकाल लागतो.

पहिला निरोप आला, की ग्रीटिंग मेसेज आपोआप जातो (चौदा दिवस शांतता असेल, तर पुन्हा जातो). त्यात पुस्तकाचं गुणगान नको. किंमत, पानं, टपालखर्च आणि ‘नंबर सेव्ह करा, छाटणीआधी आठवण पाठवू’ एवढं पुरे. ही शेवटची ओळ सोडू नये. ब्रॉडकास्ट खऱ्या अर्थाने चालू होतं ते तिच्यामुळे.

कॅटलॉगमध्ये, म्हणजे ॲपमधल्या वस्तूंच्या यादीत, एका वस्तूला दहा चित्रं लावता येतात. मुखपृष्ठ एकच पुरे. बाकी जागेत अनुक्रमणिका आणि काडी कुठे कापायची ते दाखवणारी एक-दोन पानं घालावीत. बागायतदार ते पाहून ठरवतो. नमुन्याची पीडीएफ द्यायची तर आठ-दहा पानांची, आणि प्रत्येक पानावर नंबर छापलेला. ती फॉरवर्ड होणारच, मग पत्ता घेऊन फिरू दे.

प्रत्येक चॅटला खुणेसाठी लावायची लेबलं वीसपर्यंत करता येतात. चार पुरतात: चौकशी, पैसे बाकी, पैसे आले, रवाना. ‘पैसे आले’ हे लेबल खात्यात जमा दिसल्यावरच लावावं, स्क्रीनशॉट पाहून नव्हे. क्विक रिप्लायमध्ये (आधीच लिहून ठेवलेल्या उत्तरांत) पत्त्याचा साचा ठेवावा: नाव, गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिन, मोबाइल. गाव आणि पोस्ट एकच समजल्यामुळे पार्सल परत येतात.

उणीव मोठी आहे ती हिशेबाची. ऑर्डरींची एकत्र यादी लेबलांतून हाती येत नाही, वेगळ्या शीटमध्ये लिहावीच लागते. शिवाय एकच नंबर साध्या व्हॉट्सॲपवर आणि इथे एकाच वेळी चालत नाही, तेव्हा दुसरं सिम घ्यावं. रोज पन्नासेक चौकशा येईपर्यंत एक माणूस हे सांभाळू शकतो. त्यापुढे उत्तरं उशिरा जातात, आणि उशिरा उत्तर मिळालेला शेतकरी पुन्हा विचारत नाही.

पाठवण्यासाठी टपाल खात्याची ज्ञान पोस्ट ही पुस्तकांसाठीची सेवा जोडीला घ्यावी. 1 मे 2025 पासून सुरू झालेल्या या सेवेत 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये आणि 5 किलोपर्यंत 100 रुपये असा दर ठरला, कर वेगळा. डेमी आकाराची दोनशे पानं 70 जीएसएम (एका चौरस मीटरचं वजन 70 ग्रॅम) कागदावर छापली, तर पुस्तक साधारण 230 ग्रॅमचं होतं आणि वेष्टनासह पहिल्या टप्प्यात बसतं. 80 जीएसएमवर तेच काठावर जातं. छपाईच्या कोटेशनमध्ये कागदाचा दर पाहताना हेही पाहावं. कीटकनाशकाच्या कंपनीची जाहिरात मलपृष्ठावर घेऊन छपाईखर्च काढायचा मोह होतो, पण जाहिराती असलेलं पुस्तक ज्ञान पोस्टने जात नाही. लेखकाच्या इतर पुस्तकांची यादी चालते.

ही टपालं जमिनीवरच्या वाहतुकीने जातात, वेळ लागतो. म्हणून फळछाटणीची आठवण ऑगस्टच्या अखेरीस पाठवावी आणि माग काढायचा क्रमांक त्याच चॅटमध्ये चिकटवावा.