शमशाबादचा विमानतळ आणि आम्ही नांदेडकर

नांदेडहून परदेशी निघालेल्या माणसाला मुंबई सुमारे सहाशे किलोमीटर पडते आणि हैदराबाद पावणेतीनशेच्या आसपास. आखाती देशांत नोकरीला जाणारी मुले, हज-उमराहला निघालेले यात्रेकरू, परदेशी असलेल्या लेकीच्या बाळंतपणासाठी जाणाऱ्या आया, असे नांदेड, लातूर, हिंगोली, परभणीकडचे कितीतरी लोक म्हणूनच हैदराबादजवळच्या शमशाबाद येथील राजीव गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळाची वाट धरतात. मी स्वतः तिथून मोजक्या वेळा उडालो असेन, पण कुणाला पोहोचवायला किंवा आणायला मात्र अनेकदा गेलो आहे. गेल्या हिवाळ्यात आईला धाकट्या भावाकडे दोह्याला पाठवले. तिचा हा पहिलाच विमानप्रवास होता आणि तोही एकटीचा, त्यामुळे एरवी लक्षात न येणाऱ्या गोष्टी या खेपेस नीट पाहता आल्या.

सर्वात आधी रस्त्याविषयी सांगितले पाहिजे, कारण आपल्यासाठी या विमानतळाचे खरे मोल तिथे पोहोचण्यात आहे. देगलूर, मदनूर, पिटलम, संगारेड्डी असा राष्ट्रीय महामार्ग 161 धरायचा, पुढे पटानचेरूच्या अलीकडे मुत्तंगीजवळ हैदराबादच्या बाह्य वळणरस्त्यावर चढायचे आणि शमशाबादला उतरायचे. हा 158 किलोमीटरचा आठपदरी रस्ता शहराला वळसा घालत असल्याने हैदराबादच्या गर्दीत शिरावेच लागत नाही. उदगीर-बिदरकडून किंवा उमरग्याकडून येणारेही जहिराबादमार्गे याच ठिकाणी येऊन मिळतात. आमची गाडी वाटेतला चहा धरून सहा तासांत पोहोचली. जुना विमानतळ बेगमपेठेत, म्हणजे शहराच्या ऐन मध्यात होता, तेव्हा हे शक्य नव्हते.

बेगमपेठेचा तो विमानतळ निजामाच्या राजवटीत, 1930च्या दशकात उभा राहिला. त्या वेळी आपला मराठवाडाही हैदराबाद संस्थानातच होता, तेव्हा सरकारदरबारी पाहिले तर आपल्या आजोबा-पणजोबांच्या राज्याचा तो विमानतळ होता. 1945 साली निजाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीत डेक्कन एअरवेज ही कंपनी निघाली, तिची डकोटा विमाने याच धावपट्टीवरून उडत असत, आणि 1953 साली राष्ट्रीयीकरणात ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. आकाशाशी जोडलेली याच काळातली दुसरी आठवण मात्र कडवट आहे. 1948 साली सिडने कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीच्या वेळी विमानांतून निजामासाठी शस्त्रे आणत होता आणि त्याची विमाने उतरत असलेल्या धावपट्ट्यांपैकी एक बिदरची, म्हणजे आपल्या उदगीरच्या अगदी शेजारची होती. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन, म्हणजे भारतीय सैन्याची हैदराबादवरील कारवाई, सुरू झाली आणि 17 सप्टेंबरला निजामाची राजवट संपली.

मराठवाड्याच्या माणसाला बेगमपेठ आणखी एका कारणासाठी ठाऊक असते, किंवा ठाऊक असायला हवी: मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करणाऱ्या स्वामी रामानंद तीर्थांची समाधी तिथेच आहे. 1956 साली राज्यपुनर्रचनेत मराठवाडा हैदराबादपासून वेगळा झाला, तरी आपली महाविद्यालये 1958 साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशीच जोडलेली होती आणि नांदेडचा रेल्वे विभाग आजही सिकंदराबादला मुख्यालय असलेल्या दक्षिण मध्य रेल्वेतच आहे. शमशाबादला जाणारी आपली माणसे केवळ अंतर मोजून तिकडे वळतात असे मला वाटत नाही. शिक्षण, दवाखाना, कापड आणि सोयरीक यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या तुडवलेली ती पायवाट आहे.

शमशाबादचा विमानतळ 23 मार्च 2008 रोजी प्रवासी वाहतुकीसाठी सुरू झाला आणि त्याच वेळी बेगमपेठेतली नियमित प्रवासी उड्डाणे थांबली. खासगी कंपनीच्या पुढाकाराने आणि केंद्र व राज्य सरकारच्या भागीदारीत सुमारे साडेपाच हजार एकरांवर त्याची उभारणी झाली असून मुख्य धावपट्टी 4,260 मीटर लांब आहे. आरंभी वर्षाला 1 कोटी 20 लाख प्रवाशांची क्षमता होती, ती विस्तारानंतर 3 कोटी 40 लाखांवर गेली आहे. प्रवाशाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे म्हणजे देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी टर्मिनलची इमारत एकच आहे. मुंबईत चुकीच्या टर्मिनलसमोर उतरून जीव टांगणीला लागलेले लोक मी पाहिले आहेत. इथे तो प्रश्नच येत नाही, आणि वयस्कर माणसाला एकटे पाठवताना याचा केवढा आधार वाटतो हे मला या वेळी कळले.

आईचा जन्म पोलीस ॲक्शनच्या आदल्या वर्षीचा. गुडघ्यांमुळे तिला फार चालवत नाही, म्हणून तिकीट काढतानाच विमान कंपनीकडे चाकाच्या खुर्चीची मागणी नोंदवली होती आणि पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठासाठी तसे करावे अशी माझी कळकळीची सूचना आहे. तिकीट नसलेल्यांना दाराच्या आत जाता येत नाही, त्यामुळे तिचा हात तिथेच सोडावा लागणार होता. खुर्ची घेऊन आलेला तरुण दखनीत, म्हणजे हैदराबादकडच्या उर्दू बोलीत, म्हणाला, "फिकर नको करो अम्मा, मैं है ना." आईचे वडील उस्मानियात शिकलेले, घरात दखनीचा वावर, त्यामुळे तिने त्याच बोलीत त्याचे गाव विचारले आणि मग ती मागे वळून न पाहता आत गेली. सामान देणे, इमिग्रेशन, सुरक्षा तपासणी या साऱ्यांतून पार पडून ती विमानाच्या दारापाशी बसली आहे, असा तिचाच फोन आला तेव्हा सव्वा तास झाला होता. दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी हातातल्या पिशवीत बिनबोभाट गेली. तेलातले लोणचे मात्र आम्ही आधीच मोठ्या बॅगेत घातले होते, आपणही तसेच करावे.

निरोप द्यायला आलेल्या माणसांसाठी, आणि आपल्याकडे एका प्रवाशामागे जीपभर माणसे असतात, इमारतीसमोर खाण्यापिण्याची दुकाने असलेली मोकळी जागा आहे. तिथे रात्रभर थांबता येते, स्वच्छतागृहे मी प्रत्येक वेळी स्वच्छच पाहिली, मात्र पदार्थांचे भाव बाहेरच्या तुलनेत बरेच चढे आहेत, तेव्हा डबा सोबत असलेला बरा.

आता उणिवा. रेल्वेने येणाऱ्यांचे हाल होतात, कारण देवगिरीसारख्या आपल्या गाड्या सिकंदराबादला जातात आणि विमानतळ शहराच्या दक्षिणेला दूर राहतो. टर्मिनलपर्यंत ना रेल्वे आहे ना मेट्रो. आखाताकडची बरीच विमाने मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे सुटतात, आणि त्या वेळी अनोळखी शहरात सामानासह वाहन शोधणे सोपे नसते. पूर्वी एकदा एका खासगी टॅक्सीचालकाने ठरलेले भाडे अर्ध्या वाटेत वाढवले होते आणि वेळ थोडा उरल्याने ते मुकाट्याने द्यावे लागले. तेव्हापासून मी तेलंगणा परिवहन महामंडळाच्या पुष्पक बसचीच शिफारस करतो. दुसरी उणीव भाषेची. मराठी तिथे प्रवाशांच्या तोंडूनच ऐकू येते. तेलुगू, हिंदी, इंग्रजी न वाचता येणाऱ्या आपल्या खेड्यातल्या माणसाला विचारत विचारतच पुढे जावे लागते.

आणि एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. 27 एप्रिल 2017 रोजी लहान शहरांना विमानसेवेने जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेतल्या पहिल्या मार्गांचे उद्घाटन झाले, त्यांत नांदेड-हैदराबाद हा मार्ग होता. शिखांच्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या त्रिशताब्दीनिमित्त 2008 साली सजलेल्या आपल्या विमानतळावरून तासाभरात शमशाबादला उतरून पुढचे विमान धरता येत होते. पुढे हे विमान चालवणारी कंपनीच बंद पडली. या मार्गावरचे विमान वर्षानुवर्षे न चुकता चालू राहिले, तर वयस्कर माणसांचे सहा तासांचे हेलपाटे वाचतील, आणि त्यासाठी आपल्या लोकप्रतिनिधींनी चिकाटीने पाठपुरावा करायला हवा असे मला मनापासून वाटते.

आई अडीच महिन्यांनी परतली. पहाटे साडेतीनला खुर्चीवरून बाहेर आली, सर्वांची चौकशी केली आणि म्हणाली की सूर्य उगवेपर्यंत देगलूर गाठू, तिथेच चहा घेऊ.