टापकीर गल्लीतला पॉवर सप्लाय टेस्टर जुन्या पीसीला कितपत पुरतो?

पुण्यात बुधवार पेठेतल्या टापकीर गल्लीत कॉम्प्युटरच्या सुट्या पार्टचं दुकान गाठून 'पॉवर सप्लाय टेस्टर' मागितला, की छोट्या स्क्रीनचा काळा डबा पुढ्यात येतो. सप्लायचा मदरबोर्डला जाणारा २० किंवा २४ पिनांचा एटीएक्स (नंतरच्या पीसींची पद्धत) कनेक्टर त्यात खोचायचा. हिरवी वायर तो स्वतःच ग्राउंडला जोडतो, सप्लाय सुरू होतो आणि +१२, +५, +३.३, −१२ व स्टँडबाय (मशिन बंद असतानाही मिळणाऱ्या) ५ व्होल्टचे आकडे दिसतात. पॉवर गुडचा (सगळे व्होल्टेज ठीक असल्याचा) सिग्नल किती मिलिसेकंदांनी आला तेही कळतं. १०० ते ५०० च्या दरम्यान असला की ठीक. पेंटियम-३ च्या काळातला मेलेला सप्लाय झटपट बाजूला काढायला एवढं पुरेसं आहे.

खरी अडचण लोडची, म्हणजे सप्लायमधून ओढल्या जाणाऱ्या करंटची. टेस्टर सप्लायवर नावापुरताच लोड टाकतो. त्यावर +५ चा आकडा ५.०८ दाखवणारा सप्लाय मदरबोर्ड जोडल्यावर ४.६ वर उतरू शकतो, आणि ४.७५ च्या खाली मशिन लहरीपणा करणारच. अशा वेळी सप्लाय बदलायची घाई नको. वर्षानुवर्षं करंट वाहून लाल (+५ च्या) वायरींच्या टोकाला दाबून बसवलेली क्रिंप पिन ढिली पडते, तापते, पांढरं प्लास्टिक तिथे तपकिरी होतं. टेस्टरला हे कधीच दिसत नाही.

मल्टिमीटरला दिसतं, तेही सप्लाय न उघडता. उघडूच नये, आत कपॅसिटरवर ३२० व्होल्टच्या आसपास डीसी असतो. मशिन चालू ठेवून एक प्रोब रिकाम्या मोलेक्सच्या (डिस्कला वीज देणारा चार पिनांचा कनेक्टर) लाल पिनवर आणि दुसरा आयएसए स्लॉटच्या (मदरबोर्डवरची जुन्या कार्डांची खाच) बी-३ या +५ च्या पिनवर धरा. रिकाम्या मोलेक्समधून करंट वाहत नाही, म्हणून तिथे सप्लायचा मूळ व्होल्टेज मिळतो. दोहोंत ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर दोष वायर किंवा कनेक्टरचा. मग हेच काळ्या (ग्राउंडच्या) पिनवरून बी-१ या ग्राउंड पिनवर करा. ग्राउंडचा ड्रॉप बहुतेक जण तपासतच नाहीत. पिन पक्कडीने दाबून घट्ट केली तर थोडे दिवस चालते, पण तापलेल्या धातूची स्प्रिंग गेलेली असते. नवी पिन क्रिंप करा.

एटीएक्सच्या आधीच्या एटी सप्लायला हा टेस्टर निरुपयोगी. त्याचे मदरबोर्डला जाणारे पी-८ आणि पी-९ हे दोन कनेक्टर टेस्टरमध्ये बसत नाहीत. मदरबोर्डवर ते लावताना चारही काळ्या वायरी मधोमध शेजारी यायला हव्यात. उलटे लागले तर बोर्ड जातो. शिवाय −५ व्होल्टची पांढरी वायर या टेस्टरच्या खिजगणतीतही नाही. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या पहिल्या बोर्डावरच्या ४११६ या रॅम चिपना −५ लागतोच. तो नसताना +१२ मिळाला तर चिप खराब होतात. म्हणून बोर्ड जोडण्याआधी पांढरी वायर मीटरने बघाच.

त्यासाठी सप्लाय चालू हवा, आणि जुने एटी सप्लाय बिनलोडचे बहुधा उठतच नाहीत. लाल आणि काळ्या वायरीमध्ये ४.७ ओहम, १० वॅटचा सिमेंट रेझिस्टर लावा, साधारण १ अँपिअर ओढतो. पिवळीवर (+१२) गाडीचा १२ व्होल्ट २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब चालतो, पण थंड बल्ब सुरुवातीला भरमसाट करंट ओढतो आणि कमजोर सप्लाय ट्रिप होतो. तेव्हा आधी रेझिस्टर, बल्ब नंतर. आता नारिंगी पॉवर गुड मोजा. पंखा फिरतोय, +५ आहे आणि हा शून्यावर असेल, तर सीपीयू रीसेटमध्येच अडकून राहतो.

ज्यांच्याकडे फक्त एटीएक्स मशिनं येतात त्यांनी टेस्टर जरूर घ्यावा. ४८६ किंवा त्याआधीची मशिनं सांभाळणाऱ्यांनी त्याच पैशांत बारीक टोकाचे प्रोब, मोलेक्स पिना आणि दोन-चार सिमेंट रेझिस्टर आणावेत. अमेरिकेतून आलेला सप्लाय असेल तर मागचा लाल स्विच २३० वर आहे ना, हे प्लग लावण्याआधी बघा. ११५ वर राहिला तर आपल्या लाइनवर तो क्षणात फुटेल.