दुरुस्तीनंतर चालेनासा झालेला लॉन ट्रॅक्टर : एका फिरत्या मेकॅनिकच्या सेवेचे परीक्षण

ओहायोत शहराबाहेर एकरभर जागेचे घर घेतलेल्या आपल्या अनेक मंडळींकडे आता बसून चालवायचा लॉन ट्रॅक्टर असतो, आणि तो बिघडला की दुकानात धाडायचा व येईल ते बिल भरायचे, एवढाच बहुतेकांचा शिरस्ता असतो. गेल्या उन्हाळ्यात आमच्या ट्रॅक्टरवर लागोपाठ दोघांनी काम केले. आधी एका मोठ्या दुकानाने, आणि तिथून परत आल्यावर तो चालेनासा झाला म्हणून घरी येऊन दुरुस्ती करणाऱ्या एका फिरत्या मेकॅनिकने. हे परीक्षण मुख्यतः या दुसऱ्या सेवेचे आहे. दुकानाचे नाव देत नाही. मेकॅनिक एकटेच काम करतात आणि नाव जाहीर झालेले त्यांना नको आहे, त्यामुळे तेही देत नाही. परिसरातील कोणी विचारल्यास नंबर अवश्य कळवीन.

दुकानाकडे दिलेले काम साधे होते. इंजिनाची ताकद मागच्या ट्रान्समिशनपर्यंत नेणारा पट्टा झिजून गुळगुळीत झाला होता आणि डाव्या मागच्या टायरमधून हवा जात होती. दुकानाने ट्रॅक्टर ट्रेलरवर चढवून नेला, नवा पट्टा बसवला, चाक उतरवून टायर दुरुस्त केला, पात्यांना धार लावली आणि कबूल केल्याप्रमाणे परत आणून सोडला. ड्राइव्हवेवर चालवून पाहिला तेव्हा नाव ठेवायला जागा नव्हती. आमच्या मागच्या अंगणाला मात्र बऱ्यापैकी उतार आहे. तिथे चढावर ट्रॅक्टर मंदावू लागला आणि जळक्या रबराचा वास येऊ लागला. पिठाच्या गिरणीत पट्टा घसरू लागला की सुटतो, तसाच. त्यापुढच्या कापणीला तो चढाच्या मध्यावर थांबला. इंजिन नीट चालू होते, पाती फिरत होती, पेडल दाबले की आवाज बदलत होता, पण पुढे जाण्याऐवजी ट्रॅक्टर हळूहळू मागे सरकू लागला आणि ब्रेक पूर्ण दाबूनही थेट पायथ्याच्या सपाट जागेपर्यंत गेला.

दुकानाला फोन केला, तेव्हा ही सगळी हकीकत सांगितली. उत्तर तत्काळ मिळाले : ट्रान्समिशन गेले आहे, दुरुस्त होत नाही, नवे बसवावे लागेल. सांगितलेला खर्च नव्या ट्रॅक्टरच्या जवळजवळ निम्मा होता. यंत्र पाहायला येण्याची गरज त्यांना वाटली नाही.

हे निदान वरवर पटण्यासारखे होते, आणि म्हणूनच ते धोक्याचे होते. घरगुती वर्गातील बहुतेक लॉन ट्रॅक्टरांत आता हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन असते. पट्ट्यावर चालणारा पंप तेल दाबाने आतल्या मोटरकडे पाठवतो, पायाच्या पेडलाने त्या तेलाचे प्रमाण आणि दिशा बदलते, आणि त्यावरून ट्रॅक्टरचा वेग व पुढे-मागे जाणे ठरते. टेनेसीतील मॉरिसटाउनच्या टफ टॉर्क कंपनीचे के ४६ किंवा इलिनॉयमधील सुलिव्हनच्या हायड्रो-गिअरची हलकी मॉडेले अनेक ब्रँडांच्या ट्रॅक्टरांत बसवलेली असतात. ती सपाट हिरवळीसाठी ठीक असतात, पण सततचा चढ किंवा जड ओढकाम त्यांना मानवत नाही. तेल तापून पातळ झाले आणि आतले भाग झिजलेले असले की जोर कमी होतो, हे खरे आहे. त्यामुळे ‘चढावर थांबतो’ एवढे शब्द कानावर पडताच ट्रान्समिशनवर बोट ठेवण्याची सवय दुकानांना लागलेली दिसते.

फिरत्या मेकॅनिकची पद्धत इथेच वेगळी ठरली. साठीच्या घरातले हे गृहस्थ पूर्वी शेतीयंत्रांच्या विक्रेत्याकडे कामाला होते. व्हॅनमधून उतरल्यावर हत्याराला हात लावण्याआधी त्यांनी बरेच प्रश्न विचारले : दुकानाने नेमके काय काय उघडले होते, जोर थंड असतानाही कमी होता की अर्ध्या तासाने, पुढे आणि मागे दोन्हीकडे सारखाच का, आणि उतारावर मागे आला तेव्हा ब्रेकने धरले का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ऐकून ते थोडे थांबले आणि म्हणाले की, मग मी ट्रान्समिशनला आज हात लावेन असे वाटत नाही.

कारण त्यांनी समजावून सांगितले आणि ते इथे सविस्तर देतो, कारण सुरक्षिततेच्या दृष्टीने या साऱ्या प्रकरणात तीच सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. या वर्गाच्या ट्रॅक्टरांत ब्रेक चाकांवर बसवलेला नसतो. तो ट्रान्समिशनच्या आतल्या शाफ्टला धरतो आणि तिथून पुढे डिफरन्शियलमार्फत, म्हणजे दोन्ही बाजूंच्या चाकांत गती वाटून देणाऱ्या गिअरांमार्फत, दोन्ही मागची चाके धरली जातात. ट्रान्समिशनचा पंप निकामी झाला तरी पार्किंग ब्रेक सहसा आपले काम करतो. चालना आणि ब्रेक दोन्ही एकाच वेळी गेले असतील तर दोष ब्रेकच्याही पुढे, म्हणजे चाक आणि त्याला फिरवणारा दांडा, ॲक्सल, यांच्या जोडणीत असण्याचीच शक्यता अधिक. शिवाय डिफरन्शियलचा स्वभाव असा की, एका बाजूचा ॲक्सल मोकळा फिरू लागला की सगळी गती तिकडेच जाते आणि दुसरे, धडधाकट चाकही निरुपयोगी होते. चढावर असे झाले तर चालक फक्त सुकाणू हातात धरून बसलेला असतो. दुकानाला फोनवर हीच गोष्ट सांगितली होती. ऐकणाऱ्याने ती टिपून घेतली नाही.

तरीही त्यांनी सरळ चाकाकडे धाव घेतली नाही, हे मला विशेष आवडले. आधी मागच्या बाजूची बायपासची दांडी पाहिली. इंजिन बंद असताना ट्रॅक्टर हाताने ढकलता यावा म्हणून ही दांडी ट्रान्समिशनमधील तेलाला आडवाट मोकळी करून देते, आणि ट्रेलरवर चढवण्या-उतरवण्यासाठी दुकानवाले ती हमखास ओढतात. ती पूर्ण मिटवायची राहिली तर इंजिन कितीही गरजले तरी यंत्र हलत नाही. दुरुस्तीहून आलेला ट्रॅक्टर पहिल्याच दिवशी जागचा हलला नाही, तर कोणालाही फोन करण्याआधी ही दांडी तपासावी. त्याला ना हत्यार लागते ना पैसा. आमची दांडी मात्र जागेवर होती.

मग पट्टा. इग्निशनची किल्ली काढून खिशात ठेवली, स्पार्क प्लगची वायर सोडवली, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावले, मागचा भाग जॅकने उचलून स्टँडवर टेकवला, आणि मगच टॉर्च घेऊन ते खाली गेले. पुलीवरून पट्टा सुटू नये म्हणून तिच्या अगदी शेजारी वाकवलेली एक लोखंडी सळई असते. पट्टा या सळईच्या आतून जायला हवा. दुकानाने तो बाहेरून नेला होता. दर फेऱ्याला पट्ट्याची कड सळईवर घासून तिथे लोखंड चकचकीत झाले होते आणि खालच्या पत्र्यावर रबराची काळी भुकटी साचली होती. वासाचे आणि चढावरच्या मंदपणाचे कारण हे. पट्टा स्वतः योग्य मापाचा व कंपनीचा होता, हे त्यांनी त्यावरचा छापील क्रमांक पाहून आवर्जून सांगितले. इंचभर लांब, किंवा सर्वसाधारण दुकानातला साधा व्ही-पट्टा लावला असता तर तो ताणून सैल झाला असता आणि ताण देणाऱ्या आयडलर पुलीची स्प्रिंग तो सैलपणा भरून काढू शकली नसती.

पट्टा घसरतो आहे की ट्रान्समिशन थकले आहे, हे ओळखण्याची त्यांची खूणही उपयोगाची आहे. ट्रान्समिशनच्या पुलीवर थंडाव्यासाठी प्लॅस्टिकचा छोटा पंखा असतो. जोर पडल्यावर इंजिन जोरात असूनही पंखा मंदावत असेल तर दोष पट्ट्यात किंवा त्याच्या ताणात. पंखा भरधाव फिरतो, ट्रान्समिशन कण्हते आणि चाक तरीही हलत नाही, तर दोष आत. बाहेरून वाकून एवढे दिसते. यंत्र चालू असताना खाली हात किंवा डोके घालण्याचा प्रश्नच येत नाही, हे त्यांनी दोनदा बजावले.

शेवटी डावे चाक. त्यांनी हबवरची, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावरची, काळी प्लॅस्टिकची टोपी स्क्रूड्रायव्हरने उचकटली, वायर परत जोडली, मला सीटवर बसवले (सीटखालच्या सुरक्षा स्विचमुळे कोणी बसल्याशिवाय इंजिन चालू राहत नाही) आणि पेडल अगदी हलके दाबायला सांगितले. चाक स्वस्थ होते आणि त्याच्या मधोमध ॲक्सलचे टोक गोल फिरत होते. ॲक्सल आणि हब या दोघांतल्या खाचेत पोलादाचा छोटा चौकोनी तुकडा असतो, त्याला चावी म्हणतात, आणि चाक बाहेर सरकू नये म्हणून टोकाला वॉशर व ई-क्लिप. टायरसाठी चाक काढल्यावर दुकानाने क्लिप परत लावलीच नव्हती. उतारावर आडवे जाताना चाक थोडे थोडे बाहेर सरकत गेले आणि एके दिवशी चावी गळून गवतात पडली. टोपीमुळे बाहेरून काहीच दिसत नव्हते.

दुरुस्तीला शोधापेक्षा कमी वेळ लागला. खाचांच्या कडा शाबूत आहेत याची बोटाने खात्री करून त्यांनी व्हॅनमधल्या चौकोनी सळईतून मापाचा तुकडा करवतीने कापला, कानशीने कडा मारल्या, ॲक्सलला गंजरोधक ग्रीस लावले, चावी, वॉशर आणि नवी क्लिप बसवली, आणि दुसऱ्या बाजूची क्लिपही उघडून पाहिली. पट्टा योग्य वाटेने घेतला. कडेने उसवलेला तो पट्टा हा मोसम काढेल, पुढच्या मोसमाआधी बदला, असे सांगितले; नवा विकण्याचा आग्रह केला नाही. ट्रान्समिशनमधील हवा काढण्याची प्रक्रिया, म्हणजे मागची चाके उचलून, बायपास आधी उघडा व मग मिटवून पेडल काही वेळा पुढे-मागे दाबण्याचे काम, करावे का असे मी विचारले, तर ट्रान्समिशन उघडलेले किंवा उतरवलेले नसताना त्याची गरज नाही असे उत्तर मिळाले. तेल बदलण्याचाही विषय त्यांनी स्वतःहून काढला नाही. उलट अर्धा तास त्याच चढावर ट्रॅक्टर चालवायला लावून, यंत्र पूर्ण तापल्यावरही जोर टिकतो का आणि चढाच्या मध्यावर ब्रेक धरतो का, हे पाहूनच ते निघाले.

आता उणे बाजू. दिलेली वेळ पाळणे या गृहस्थांना जमत नाही; सकाळचे सांगून ते दुपार टळल्यावर आले आणि मध्ये कळवलेही नाही. कार्ड घेत नाहीत, फक्त रोख किंवा चेक. बिलावर ‘पट्टा, चाक, येणे-जाणे’ एवढेच हाताने लिहिलेले होते, आणि दुकानाशी भांडायचे तर असा कागद फारसा उपयोगी पडत नाही. तपशीलवार बिल हवे असेल तर आधीच सांगावे आणि सळईवर घासलेल्या जागेचे, रिकाम्या खाचेचे फोटो स्वतः काढून ठेवावेत. मी ते दुकानाला पाठवले, तेव्हा कुरकुर करत का होईना, त्यांनी मजुरी परत केली; मेकॅनिकचे बिल मात्र देण्यास नकार दिला. नवे ट्रान्समिशन सुचवल्याबद्दल अवाक्षर नाही. आपल्याकडे यंत्र वॉरंटीत असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे : बाहेरच्या माणसाकडून काम करून घेतले एवढ्याच कारणाने वॉरंटी रद्द करण्यास १९७५ च्या संघीय मॅग्नुसन-मॉस कायद्यानुसार मनाई आहे. त्या कामामुळेच बिघाड झाला असेल तर गोष्ट वेगळी.

निदानाला पाचपैकी पाच, हातच्या कामाला साडेचार, वेळेला दीड. मोठे ट्रान्समिशनचे काम, वेल्डिंग किंवा इंजिन उघडण्याचे काम ते घेत नाहीत, त्यासाठी दुकानच गाठावे लागेल. एप्रिलनंतर त्यांची वेळ मिळणे दुरापास्त असते, म्हणून पट्टे आणि पात्यांचे काम असेल तर फेब्रुवारीतच बोलून घ्यावे. फोन उचलला नाही तर व्हॉइसमेल न ठेवता मेसेज पाठवावा, आणि त्यात ट्रॅक्टरच्या सीटखालच्या पट्टीवरील मॉडेल क्रमांकाचा फोटो जोडावा, म्हणजे सामान घेऊनच ते येतात.